वाचनाची देवघेव (बेळगाव सीमाभाग)

वाचनाची देवघेव म्हणजे हौशी वाचकांनी आवडीची पुस्तके एकमेकांना देणे, हातात असलेल्या पुस्तकाविषयी ते संपायच्या आधीच बोलत राहणे आणि या बोलण्यातून एकमेकांची आवड ओळखू लागणे. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी वाचकांमध्ये ही रीत चांगली रुजलेली आहे. तिला एक ठरलेले नाव नाही. शहरात कोणी ‘वाचनकट्टा’ म्हणते, कोणी ‘पुस्तक भिशी’. एरवी लोक नुसते “पुस्तक बदलून आणतो” म्हणतात, आणि बदलायला गेलेला माणूस तासभर तरी परतत नाही हे घरच्यांनी धरलेलेच असते.

या रिवाजाचे मूळ पोथीवाचनात शोधावे लागते. श्रावणात किंवा चातुर्मासात देवळात, नाहीतर कोणाच्या तरी सोप्यात श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला जाई. एकजण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे आणि बाकीचे ऐकता ऐकता शंका काढत. ज्ञानेश्वरीची पारायणे या पट्ट्यातील गावांत आजही होतात. वाचन म्हणजे चारचौघांत करायची गोष्ट ही समजूत इथे छापील पुस्तकाच्या आधीपासूनची आहे. कादंबरी आली तेव्हा तिलाही हीच बैठक मिळाली.

छापील पुस्तकांची सोय बेळगावात लवकर झाली. शहरातील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची. अशा जुन्या वाचनालयात पुस्तकांइतकेच महत्त्व देवघेवीच्या टेबलापुढच्या रांगेला असते. पुढच्या माणसाने परत केलेले पुस्तक मागचा उचलतो, चाळतो आणि विचारतो, “कसं आहे हो?” पुष्कळ ओळखी इथेच जुळतात. दिवाळीनंतर ही रांग वाढते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांना दिवाळी अंकांची सवय लागली. सगळे अंक विकत घेणे कोणालाच परवडत नाही, म्हणून चार घरे चार वेगळे अंक घेतात आणि ते संक्रांतीपर्यंत फिरत राहतात.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि देवघेवीला निकड आली ती त्यानंतर. मराठीची मोठी प्रकाशने पुण्या-मुंबईत. जवळचे मोठे मराठी शहर कोल्हापूर, तेही सुमारे ११० किलोमीटरवर. पुण्याला लेकीकडे किंवा दवाखान्यासाठी गेलेला माणूस येताना पुस्तके आणतो, आणि ती त्याच्या एकट्याची राहत नाहीत. एक प्रत किती घरे फिरली हे तिच्या कव्हरांवरून कळते: आत खाकी कागद, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर कोणीतरी हौसेने चढवलेले प्लास्टिक.

भेटीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. “काय वाचूलालासा सध्या?” हा बेळगावी हेल आहे, कन्नडच्या शेजाराने घडलेल्या या बोलीत पुस्तक शोधत नाहीत, ‘हुडकतात’. प्रश्नातला ‘सध्या’ महत्त्वाचा. वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल माणूस मत देतो. अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाबद्दल तो अंदाज बांधतो, कुरकुरतो, एखाद्या पात्रावर रागावतो. “वैनी, शंभर पानं झाली, अजून काही घडंना की!” “थांबा ओ काका, पुढं बघा. पण सांगत नाही मी.” हे न सांगणे पाळले जाते. ज्याने आधी वाचले आहे त्याने शेवट उघड करायचा नाही, एवढा एकच नियम सगळीकडे कडक आहे. असे अर्धवट बोलणे हाच या प्रथेतला सर्वात जिवंत भाग होय. लिहिलेल्या परीक्षणात तो सापडत नाही.

पुस्तक भिशी ही त्यातली नेटकी पद्धत. पैशांच्या भिशीसारखीच सभासद दरमहा ठरावीक रक्कम काढतात, चिठ्ठी टाकतात आणि ज्याचे नाव निघेल त्याने त्या पैशांतून फक्त पुस्तकेच घ्यायची. पुढच्या बैठकीत ती सर्वांसमोर ठेवून का निवडली ते सांगायचे. निवड चुकली तरी कोणी हसत नाही. भात कापणीच्या सुगीत बैठका ओस पडतात. खानापूरकडच्या मुसळधार पावसात मात्र वाचन भरपूर होते.

आपल्या मातीतल्या लेखकांवर या मंडळींचा जीव असतो, आणि तो साहजिक आहे. निपाणीत पिठाची गिरणी चालवत तंबाखू कामगारांचे आणि ड्रायव्हर-क्लीनरांचे जग लिहिणारे महादेव मोरे, बेळगावात आयुष्य काढलेल्या कवयित्री इंदिरा संत, आपल्या कथांतल्या लंपन या मुलाच्या तोंडी इथली बोली घालणारे प्रकाश नारायण संत: यांची पुस्तके नवख्या सभासदाच्या हाती बहुतेक आधी पडतात. आपण घरात बोलतो ते शब्द छापलेले दिसले की न वाचणारा माणूसही थबकतो.

देवघेवीला समोरासमोर बसावेच लागते असे नाही, याचा पुरावा कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांत आहे. १९२३ साली जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले जी. ए. पुढे धारवाडला इंग्रजी शिकवत. माणसांत मिसळणे त्यांनी टाळले. मात्र पत्रांतून ते वाचलेल्या पुस्तकांविषयी अगदी भरभरून लिहीत. सुनीता देशपांडे यांना लिहिलेली त्यांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. एका वाचकाने दुसऱ्याला किती मनापासून वाटेकरी करून घ्यावे, हे त्यांत दिसते.

सीमाभागातील वाचक दोन भाषांच्या मध्ये राहतो, त्यामुळे कन्नड पुस्तकेही गप्पांत येतात. पुष्कळांना कन्नड समजते, पण लिपी सरावाची नसते, अशांना कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा भेटले ते मराठीतून. त्यांच्या अनुवादक उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. पती विरूपाक्ष यांनी कन्नड मजकूर वाचून ऐकवायचा आणि उमाताईंनी मराठीत उतरवायचा, अशी त्यांची कामाची रीत. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातले वाचून दाखवणे हजारो घरांपर्यंत पोचले, ते असे.

बेळगावात अखिल भारतीय साहित्य संमेलने १९२९, १९४६ आणि २००० साली भरली. त्यांतल्या १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. देवघेवीच्या दृष्टीने गावोगावची संमेलने अधिक मोलाची: कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी. सकाळी ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळत मुले पुढे असतात, बायका डोक्यावर कळशी घेऊन चालतात आणि पालखीत पुस्तके असतात. मांडवाबाहेरच्या स्टॉलवर दोघी मैत्रिणी आधीच ठरवून वेगवेगळी पुस्तके घेतात, म्हणजे घरी गेल्यावर बदलता येतात.

हरवलेल्या पुस्तकांचे दुःख या मंडळींना खरोखर होते. म्हणून बऱ्याच घरांत दोनशे पानी वही असते: पुस्तक, नेणाऱ्याचे नाव, तारीख, परत आले की आडवी रेघ. रेघ न पडलेल्या नोंदींविषयी मालक वर्षानुवर्षे बोलतात, पण मागायला जायचे धाडस करत नाहीत. नाते तुटण्यापेक्षा पुस्तक गेलेले बरे, असा हिशेब असतो.

खूण म्हणून पानांत बसचे तिकीट घालायची सवय सर्वत्र आहे. मराठी कादंबरीत वायव्य कर्नाटक परिवहनचे कन्नड छापाचे तिकीट सापडते. ते कुठल्या पानावर आहे ते पाहून आधीचा वाचक कुठे थांबला होता हे कळते. नवा वाचक ते काढून टाकत नाही, पुढे पुढे सरकवत नेतो.