घरच्या सिम्युलेटरसाठी छोटं विमान निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सिम्युलेटर बसवून झाला की पहिली फर्माईश बहुधा ठरलेली असते: "आता मोठी एअरबस टाकून द्या." आम्ही टाकून देतो. पण नवीन माणसाला आमचा सल्ला छोट्या विमानाचाच असतो. मोठ्या विमानात बराच वेळ ऑटोपायलटच्या बटणांत जातो. छोटं विमान हाताने उडवावं लागतं, आणि तीन हजार फुटांवरून देवगिरीचा किल्ला, नाथसागराचं पाणी ओळखू येतं.

पण लगेच पैसे खर्चू नका. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये (सिम म्हणजे सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर) सेसना १५२ हे छोटं विमान सोबतच येतं, एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिममध्ये सेसना १७२ येतं. महिनाभर तेच उडवा. फुकटात आलंय म्हणून त्याला कमी लेखू नका. चौकोनी सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी, मारून नीट उतरता येईपर्यंत त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. काय कमी पडतं ते तोवर तुमचं तुम्हालाच कळेल, आणि ॲड-ऑन, म्हणजे सिमसाठी वेगळं विकत मिळणारं विमान, घ्यायचं ते त्यासाठीच.

विमान पैशाच्या लायकीचं आहे का, हे पाहायला आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाची, चिकलठाण्याची, धावपट्टी पुरेशी आहे. ती समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. सिममध्ये हवामान स्वतः ठरवा: तापमान ४२ अंश, म्हणजे आपला मे महिना. या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. सेसना १७२ मध्ये तीन माणसं बसवा, टाक्या भरा आणि उड्डाण करा. मग तेच डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांना करा. चांगलं मॉडेल उन्हात धावपट्टी जास्त खातं आणि चढताना कुरकुरतं. दोन्ही वेळा सारखंच उठलं, तर कॉकपिट कितीही देखणं असो, ते विमान आम्ही तरी विकत घेणार नाही.

दुसरी परीक्षा जमिनीवरच. इंजिन १८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ठेवा आणि मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारी दोन यंत्रं, एकेक करून तपासा. १७२एस च्या पुस्तिकेप्रमाणे आरपीएमची घट १५० च्या आत हवी आणि दोन्ही मॅग्नेटोंतला फरक ५० च्या आत. काटा जागचा हललाच नाही, तर आत इंजिन नाही, नुसता आवाज आहे. कार्ब्युरेटरच्या विमानात कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणारा दांडा) ओढल्यावरही आरपीएम उतरलाच पाहिजे. (विक्रीच्या व्हिडिओत या गोष्टी सहसा दिसत नाहीत. तिथे सूर्यास्तच जास्त.)

लेकरू पायलट व्हायचं म्हणत असेल, तर फ्लाइंग स्कूलमध्ये जे विमान आहे तेच घ्या. शाळेत डिझेल इंजिनाचं डायमंड डीए-४० असेल, तर त्यात मिक्श्चरचा, म्हणजे इंधन आणि हवेचं प्रमाण ठरवणारा, लिव्हरच नसतो, एकच पॉवर लिव्हर. तिथे सेसनाची सवय लावून काय उपयोग? आणि एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी: घरच्या सिमवरचे तास लायसन्सच्या २०० तासांत धरले जात नाहीत. चेकलिस्ट आणि हातांची सवय मात्र घरी पक्की होते.

नुसत्या हौसेसाठी असेल, तर आमची आवड काट्यांच्या डायलवाली विमानं. जस्ट फ्लाइट या कंपनीचं पायपर ॲरो घ्या: चाकं आत घेता येतात, प्रोपेलरचा वेगळा लिव्हर आहे, आणि टाकी डावी की उजवी हे स्वतः बदलत राहावं लागतं, सेसना १७२ सारखी 'दोन्ही' ही सोय नाही. विसरलात तर पैठणपासून गोदावरीच्या कडेकडेने निघालेले तुम्ही गंगाखेडच्या शेतात उतराल. ए२ए या कंपनीच्या कोमांचे विमानात तर इंजिनाची झीज नोंदवून ठेवली जाते. आज रगडलं तर पुढच्या वेळी त्याचा हिशेब द्यावा लागतो. हे विमान उत्तमच आहे, पण नवख्याला आम्ही ते देत नाही.

इंटरनेटचंही पाहा. मायक्रोसॉफ्टचा २०२४ चा सिम बरंच काही उडतानाच डाउनलोड करतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर त्याचा भरवसा धरू नका. तालुक्याच्या गावी नेट धड नसेल, तर एक्स-प्लेन बरा. त्याचा देखावा डिस्कवरच बसतो आणि आधी डेमो पाहता येतो. मायक्रोसॉफ्टचं विमान एक्स-प्लेनमध्ये चालत नाही, एक्स-प्लेनचं मायक्रोसॉफ्टमध्ये नाही. २०२० साठीचं प्रत्येक विमान २०२४ मध्ये नीट चालेलच असंही नाही. एक्सबॉक्सवाल्यांना तर सिमच्या आतल्या मार्केटप्लेसचाच, म्हणजे तिथल्या दुकानाचाच, पर्याय आहे.

क्रॅक केलेली (पैसे न देता चोरून मिळवलेली) विमानं आम्ही बसवून देत नाही, कृपया आग्रह करू नये. खरेदी तुमच्याच ईमेल खात्यावर करतो, म्हणजे उद्या कॉम्प्युटर बदलला तरी विमान तुमचंच राहतं. येताना सिमची आवृत्ती, रॅम किती आणि जॉयस्टिक कोणती, एवढं लिहून आणा. रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचे पायातले पेडल) नसतील तर पिळून फिरणारी जॉयस्टिक तरी हवीच, कारण उड्डाण करताना ही सगळी विमानं डावीकडे ओढतात. इन्व्हर्टरवर सिम चालवायचा असेल, तर आधी विचारा. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट होणार नाही असा यूपीएस कोणता, ते आम्ही सांगू.