‘सोय त्रिस्ते’ की ‘एस्तोय त्रिस्ते’?

मन म्हणजे वाफ कोंडलेलं भांडं, वाफ सोडली की बरं वाटतं, ही समजूत काही केल्या जात नाही. राग आलाय? मग उशीला ठोसे मारा! मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली हे प्रयोग करून तपासलं. चीड आणणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून पंचिंग बॅग बडवणारे लोक, काहीच न करता शांत बसलेल्यांपेक्षा जास्त संतापलेले निघाले.

मग स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांसाठी समुपदेशक ज्या भावनांच्या वर्कशीट (भावना ओळखून भरायचे छापील कागद) वापरतात, त्यांचा उपयोग काय? रडके-हसरे चेहरे, भावना शरीरात कुठे जाणवते ते रंगवायची आकृती, ‘ओय एस्तोय…’ (आज मी… आहे) अशी अर्धवट वाक्यं. दिसायला सगळं बालवाडीतलं. पण इथे वाफ सोडायची नसते, नाव शोधायचं असतं. खरी गंमत त्या नावात आहे.

मेंदूचे अभ्यासक मॅथ्यू लिबरमन यांनी 2007 साली 30 जणांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारं यंत्र) झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. कधी भावनेचा शब्द निवडायचा, कधी तशीच भावना असलेला दुसरा चेहरा शोधायचा, तर कधी चेहऱ्याला शोभेल असं माणसाचं नाव निवडायचं. चेहरे तसेच, मेहनतही साधारण सारखीच. तरीही अमिग्डाला, म्हणजे कानशिलामागे खोलवर असलेला बदामाएवढा पेशीपुंज, थंडावला तो भावनेचा शब्द निवडताना. त्याच वेळी कपाळामागच्या भागात उजवीकडे, खालच्या बाजूला (व्हेंट्रोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स) हालचाल वाढली. हा भाग जितका जागा, तितका अमिग्डाला शांत. त्यांच्यातला निरोप्या म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचाच मधल्या रेषेजवळचा भाग असावा, असं आकडेवारी सुचवते. एफएमआरआय पेशींचे विद्युत संदेश थेट मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून अंदाज बांधतो, म्हणून ‘असावा’. आणि अमिग्डालाला ‘भीतीचं केंद्र’ म्हणणाऱ्या सोशल मीडियावरच्या पोस्टही सोडून द्या. महत्त्वाचं असं काहीही दिसलं, अगदी सुखद असलं, तरी तो दखल घेतो.

हे यंत्राबाहेरही चालतं का? 2012 साली कोळ्याला घाबरणाऱ्या 88 जणांवरच्या प्रयोगात काहींना जिवंत कोळ्यासमोर आपली भीती शब्दांत सांगायला लावली. आठवड्याने पुन्हा कोळी समोर आला, तेव्हा त्यांच्या तळहातांना इतरांपेक्षा कमी घाम होता. ‘घाबरत नाही, कोळी छोटासाच आहे’ अशी स्वतःची समजूत घालणाऱ्यांपेक्षाही कमी! भीतीचं नाव काढलं की ती वाढते, असं मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता स्पॅनिशकडे. या भाषेत ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदं आहेत. ‘सोय त्रिस्ते’ म्हणजे मी स्वभावानेच दुःखी, ‘एस्तोय त्रिस्ते’ म्हणजे सध्या दुःखी. वर्कशीटवरचं ‘ओय एस्तोय…’ ही भावना आजची आहे, हे व्याकरणातच सांगून मोकळं होतं. ‘मे दा मिएदो’ तर आपल्या ‘मला भीती वाटते’चं भावंडच: दोन्हीकडे माणूस कर्ता नाही, भीती त्याच्याकडे येते.

मग भाषांतरित वर्कशीट चालेल का? इंग्रजी नंतर शिकलेल्या तुर्की भाषकांवरचा 2003 सालचा एक प्रयोग आहे. लहानपणी ऐकलेली रागावणी तुर्कीत कानी पडली की त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता (घाम आला की ती वाढते) इंग्रजीपेक्षा जास्त वाढली. मातृभाषेतला शब्द घामापर्यंत पोचतो. म्हणूनच काही द्विभाषिक माणसं फार दुखरी गोष्ट मुद्दाम दुसऱ्या भाषेत सांगतात, तिथे अंतर मिळतं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाच्या हातात इंग्रजी कागद देणं म्हणजे ते अंतर त्याला न विचारताच लादणं.

माझी तक्रार आहे ती चार चेहऱ्यांच्या कागदांवर. आनंद, दुःख, राग, भीती, संपलं! स्पॅनिशमध्ये ‘वेर्ग्वेन्सा अखेना’ म्हणून एक भावना आहे: दुसऱ्याने स्वतःचं हसं करून घेतलं की आपल्याला वाटणारी लाज. ती कुठल्या चेहऱ्यावर टिक करायची? खाली ‘ओत्रा’, म्हणजे ‘दुसरी एखादी’, असं लिहून एक रिकामी ओळ तरी ठेवा.