कुत्र्याला धान्य पचत नाही?

"कुत्रा मांसाहारी. त्याला धान्य पचत नाही, ग्रेन-फ्री म्हणजे बिनधान्याचं खाणंच घ्या," असं दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. हे खरं नाही. माणसाच्या सोबतीत कुत्र्याच्या अंगात धान्यातलं पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या अमायलेज या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या. २०१३ साली हे संशोधनातून पुढे आलं. गावाकडची कुत्री भाकरीवर वाढली ती उगाच नाही.

ग्रेन-फ्री पाकीट उलटून बघा. गहू-तांदूळ नाहीत, पण वाटाणा, मसूर, बटाटा आहेच. म्हणजे पिष्ट आहेच! उलट अशाच खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ साली जाहीर केली. संबंध पक्का सिद्ध झालेला नाही, पण मग जादा पैसे कशासाठी मोजायचे?

अंग खाजलं की दोष गव्हाला. खरं तर अन्नाच्या ॲलर्जीत बीफ, दूध, चिकन यांची नावं आधी येतात.

पाकिटावर शोधायचं ते 'संपूर्ण आणि संतुलित आहार' असं लिहिलंय का, आणि कोणत्या वयासाठी. लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तर हाडांची वाढ बिघडते, तेव्हा मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच घ्या. नवं खाणं आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत वाढवा.