स्पेक्ट्रम रेकॉर्ड करायचाय? बटण दाबायच्या आधी हे वाचा

एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे बरंचसं काम कॉम्प्युटरवर करणारा रेडिओ) घेणारे बरेच ग्राहक आम्हाला विचारतात, की फाइल नंतर सॉफ्टवेअरमध्ये नीट करता येते ना, मग रेकॉर्ड करताना एवढं काय बघायचं? तर आधीच सांगतो. कुठलं स्टेशन ऐकायचं, मोड कुठला, फिल्टर किती रुंद, हे सगळं नंतर निवांत ठरवा, काही बिघडत नाही. पण गेन (सिग्नल किती वाढवून घ्यायचा), क्लॉक (रिसीव्हरचं आतलं घड्याळ) आणि सुटलेले सॅम्पल (फाइलमध्ये न पोचलेले सिग्नलचे आकडे) या तीन गोष्टी रेकॉर्डिंग चालू असतानाच ठरतात, आणि नंतर त्या कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ण दुरुस्त होत नाहीत. आमच्याकडून किट विकत न्या, भाड्याने न्या, नाहीतर दुसरीकडून घ्या, पण एवढं वाचून मग कामाला लागा.

फाइलमध्ये नक्की काय जातं

साध्या रेडिओवर आपण एक स्टेशन लावतो आणि त्याचा आवाज टेप करतो. एसडीआरमध्ये आवाज नाही, अँटेनातून आलेला बँडचा अख्खा तुकडाच डिस्कवर उतरतो, आय आणि क्यू अशा आकड्यांच्या जोड्या, सेकंदाला लाखोंनी. मिडियम वेव्ह घ्या. आपल्याकडे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, दर ९ किलोहर्ट्झवर एक चॅनेल, म्हणजे सगळा बँड मिळून जेमतेम १.१ मेगाहर्ट्झ. रात्री आठला पाच कमी असताना रेकॉर्डिंग चालू केलं आणि आठ-पाचला बंद केलं, तर आकाशवाणी पुण्याचं ७९२ आणि अंधार पडल्यावर आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या थरावरून) परतून येणारी लांबलांबची स्टेशनं, सगळी एकाच फाइलमध्ये येतात. मग एक स्टेशन लावा, आठच्या ठोक्याला काय उद्घोषणा झाली ते ऐका, मागे जा, दुसरं लावा, परत तोच आठचा ठोका. डीएक्सिंगवाले (लांबची स्टेशनं पकडायचा छंद असणारे) हे आवर्जून करतात, कारण स्टेशनचं नाव तास बदलताना बहुतेक सांगितलंच जातं, आणि साध्या रेडिओवर त्या मिनिटाला एकच स्टेशन पकडता येतं.

फक्त एक बघा, साधा आरटीएल डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा एसडीआर) साधारण २४ मेगाहर्ट्झच्या पुढेच काम करतो, खालच्या बँडसाठी डायरेक्ट सॅम्पलिंग किंवा अपकन्व्हर्टर असलेलं मॉडेल लागतं, नाहीतर एसडीआरप्लेच्या आरएसपीसारखा रिसीव्हर.

डिस्क किती लागेल

हिशोब सोपा आहे, सॅम्पल रेट गुणिले दोन (आय आणि क्यू), गुणिले एका आकड्याचे बाइट. डोंगल २.४ मेगासॅम्पलवर (सेकंदाला २४ लाख सॅम्पल) आठ बिटने चालवला तर सेकंदाला ४.८ एमबी, तासाला १७ जीबीच्या वर. हेच सॉफ्टवेअरने सोळा बिटच्या वेव्ह फाइलमध्ये टाकलं तर जागा दुप्पट जाते आणि सिग्नल तसूभरही सुधारत नाही, कारण मुळात आठच बिट आले होते. हॅकआरएफ हा एसडीआर २० मेगासॅम्पलवर म्हणजे सेकंदाला ४० एमबी, तासाला १४४ जीबी. यूएसआरपी बी२१० हा मोठा एसडीआर पूर्ण ताकदीने लावायचा असेल तर सेकंदाला दोनशे एमबीच्या वर लिहिणारी एसएसडी हवी, फिरती हार्ड डिस्क तिथे टिकत नाही. जुन्या वेव्ह फॉरमॅटला ४ जीबीची मर्यादा आहे, सोळा बिट आणि २.४ मेगासॅम्पलला ती सात-साडेसात मिनिटांत संपते, म्हणून सेटिंगमध्ये आरएफ६४ (मोठ्या फाइलसाठीचा वेव्ह फॉरमॅट) निवडा.

फाइलच्या नावाकडे पण लक्ष द्या. नुसत्या रॉ फाइलमध्ये फ्रिक्वेन्सी, सॅम्पल रेट काहीच लिहिलेलं नसतं, सहा महिन्यांनी उघडली तर तो निव्वळ आकड्यांचा ढीग. सिगएमएफ फॉरमॅट वापरला की शेजारी एक छोटी माहितीची फाइल बनते, त्यात सगळं राहतं, गेन आणि अँटेना कुठली होती तेही लिहून टाका. आणि नावातल्या वेळेपुढे झेड दिसला तर ती यूटीसी आहे, आपल्या घड्याळासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे.

गेन, क्लॉक आणि सुटलेले सॅम्पल

आठ बिटच्या रिसीव्हरमध्ये लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या सिग्नलमध्ये साधारण ४८ डीबीचंच अंतर मावतं. गेन कमी ठेवला तर बारीक सिग्नल तळाशी बुडतो, जास्त ठेवला तर मांडवातला लाउडस्पीकर फाटतो तसा सगळा बँड फाटतो आणि जिथे काहीच नाही तिथे खोटी स्टेशनं दिसायला लागतात. ऑटो गेन बंद करा. गेन एकेक पायरी वाढवत वॉटरफॉल (स्क्रीनवर सरकत जाणारं स्पेक्ट्रमचं चित्र) बघा, जोपर्यंत सिग्नल नॉइजपेक्षा वर सरकतोय तोपर्यंत वाढवा, दोन्ही सारखेच वर जायला लागले की थांबा आणि एक पायरी खाली या. शहरात एफएमचा टॉवर जवळ असेल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा नॉच फिल्टर लावाच, तो स्वस्त आहे आणि त्याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्या वस्तूने पडलेला आम्ही बघितला नाही.

क्लॉकचं म्हणाल तर १ पीपीएमची (दहा लाखांत एक) चूक जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर जवळजवळ १५७५ हर्ट्झची होते. रिसीव्हर अर्धा तास तापू द्या, मग सुरू करा.

सॅम्पल सुटणं जास्त घातक, कारण वॉटरफॉलवर ते सहसा दिसत नाही. यूएसआरपीचा ड्रायव्हर स्क्रीनवर 'ओ' अक्षर छापतो, एक ओ म्हणजे एकदा डेटा सांडला. ऐकायला एखादी टिचकी येईल, पण डिजिटल सिग्नलचा आणि जीपीएसचा माग तिथे तुटू शकतो. हब काढून टाका, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, अँटीव्हायरसला रेकॉर्डिंगच्या फोल्डरमधून बाहेर ठेवा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि पॉवर सेव्हिंग बंद करा.

गाड्यांचे ट्रॅकर बनवणाऱ्यांसाठी

आमचे निम्मे फोन भोसरी-चाकणकडून येतात, एआयएस-१४० (गाड्यांच्या ट्रॅकरचं भारतीय मानक) चे ट्रॅकर बनवणाऱ्यांचे, म्हणून हे जरा सविस्तर. फर्मवेअर बदललं की परत गाडी काढून एक्सप्रेसवेवर जायचं, आणि प्रत्येक वेळी सॅटेलाइट वेगळ्या जागी, ट्रॅफिक वेगळं, मग नवीन फर्मवेअर खरंच सुधारलं की आकाश बरं होतं हे कळणार कसं? एकदाच नीट रेकॉर्ड केलं तर तोच घाट, तेच कामशेत, खंडाळा आणि भाताणचे बोगदे टेबलावर हवे तितक्या वेळा चालवता येतात, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर कुठलं व्हर्जन किती सेकंदांत पोझिशन देतं ते एकाच सिग्नलवर ताडून बघता येतं.

जीपीएस वॉटरफॉलवर दिसत नाही, तो नॉइजच्या खाली असतो. सपाट करडी पट्टी बघून किट बिघडलं म्हणून फोन येतात, तसं नसतं. निघायच्या आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि जीएनएसएस-एसडीआर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, त्याने सॅटेलाइट पकडले तरच गाडी हलवा. गाडी हलवण्याआधीची पाच मिनिटं मोकळ्या आकाशाखालची हवीत, कारण सॅटेलाइट आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी परत पाठवतो आणि प्लेबॅकच्या वेळी ट्रॅकरला ती सुरुवातीला सलग मिळाली पाहिजे. छतावरच्या अ‍ॅक्टिव्ह अँटेनाला केबलमधूनच व्होल्टेज लागतं, तेव्हा बायस टी चालू आहे ना ते बघा.

नाविकचा (भारताच्या स्वतःच्या सॅटेलाइट नेव्हिगेशनचा) एल५ बँड पण हवा असेल तर तो ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आहे, जीपीएसच्या एल१ (१५७५.४२) पासून जवळजवळ ४०० मेगाहर्ट्झ लांब. बी२१० ला दोन चॅनेल आहेत म्हणून दोन्ही बँड एकदम होतील असं धरू नका, त्याचे दोन्ही रिसीव्ह चॅनेल एकाच फ्रिक्वेन्सीला बांधलेले असतात. दोन रिसीव्हर आणि एक सामाईक क्लॉक लागतो.

आता प्लेबॅक. तुमचा ट्रॅकर आपल्या अँटेना पिनवर ३ ते ५ व्होल्ट सोडतो, कारण त्याला वाटतं पुढे अँटेना आहे. ते व्होल्टेज थेट एसडीआरच्या आउटपुटमध्ये घुसलं तर अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो, म्हणून मध्ये डीसी ब्लॉक (सिग्नल जाऊ देणारा पण व्होल्टेज अडवणारा जोड), हे विसरायचं नाही. खरा जीपीएस सिग्नल जमिनीवर साधारण उणे १३० डीबीएम असतो आणि एसडीआरचं आउटपुट त्याच्या कितीतरी वर, तेव्हा ट्रान्समिट गेन तळाशी ठेवा आणि केबलमध्ये ६० डीबीच्या अटेन्यूएटरपासून (सिग्नल कमी करणारा जोड) सुरुवात करून हळूहळू कमी करत जा. ट्रॅकरमध्ये दिसणारी नॉइजच्या तुलनेतली सिग्नलची ताकद, सीएनओ, प्रत्यक्ष रस्त्यावरच्या आकड्याशी ताडून बघा, एक-दोन डीबी कमी आली तर छान जमलं, जास्त येत असेल तर रस्त्यावरचा आकडा नीट घेतलेला नाही, कारण रेकॉर्डिंगमधून सिग्नल मुळापेक्षा चांगला होऊच शकत नाही. दर वेळी ट्रॅकर कोल्ड स्टार्ट करा (मेमरीतली जुनी माहिती पुसून नव्याने सुरू). फाइल मागच्या महिन्याची आणि ट्रॅकरच्या मेमरीत आजची तारीख, असं झालं की काही मॉड्यूल पोझिशनच देत नाहीत आणि लोक दिवसभर अँटेनाशी झटापट करत बसतात. स्क्रीनवर आता 'यू' अक्षर आलं तर लॅपटॉप डेटा वेळेत पुरवत नाहीये.

हवेत सोडायचं नाही

फाइल लॅपटॉपवर उघडून ऐकणं हा एक प्लेबॅक, आणि एसडीआरमधून सिग्नल परत बाहेर काढणं हा दुसरा. दुसरा फक्त केबलमधून आणि ट्रॅकर पत्र्याच्या बंद डब्यात ठेवून. आउटपुटला अँटेना लावायचीच नाही, "फक्त खोलीपुरती" पण नाही. जवळपासचे फोन आणि गाड्या कालच्या घाटात असल्यासारख्या वागायला लागतील, आणि पुण्यात लोहगावला विमानं उतरतात, त्यांनाही हाच जीपीएस लागतो. हवेत ट्रान्समिट करायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगचा परवाना लागतो, आणि तुमचं हॅम लायसन्स असलं तरी त्यात जीपीएसचा बँड येत नाही. यासाठी कुणी आमच्याकडे अँटेना मागितली तर आम्ही देत नाही, कितीही जुनं गिऱ्हाईक असो. तसंच रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्यांची खाजगी बोलणी आली तर ती ऐकू नका आणि कुणाला पाठवू नका.

डेमोला येताना तुमचा ट्रॅकर, त्याची पॉवर केबल आणि कोल्ड स्टार्टची कमांड घेऊन या, आणि अँटेनाचं कनेक्टर एसएमए आहे की यू.एफएल ते आधी फोनवर सांगा, म्हणजे आम्ही अ‍ॅडॉप्टर काढून ठेवू. स्वतःची रिकामी एसएसडी आणा, अर्धा टीबी तरी. घाटाचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर सकाळी लवकर निघू, दुपारी त्या बोगद्यांजवळ ट्रक अडकले की फाइल नुसती मोठी होते, त्यातून शिकायला काही मिळत नाही.