टाइम झोनच्या नोंदी आणि त्यांखालचे दुवे

इंदूरच्या एखाद्या मराठी कुटुंबातील आजींचा जन्म जानेवारी १९४३ मधला असेल आणि घरच्या जुन्या वहीत जन्मवेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटे अशी लिहिलेली असेल, तर युद्धकाळाची नोंद ठेवणारे पत्रिकेचे सॉफ्टवेअर त्या वेळेतून आधी एक तास वजा करते आणि मगच पुढचे गणित मांडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. संगणकाजवळच्या नोंदीनुसार सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तासांऐवजी साडेसहा तास पुढे होती. लग्नराशी, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी राशी, साधारण दोन तासांनी बदलत असल्यामुळे या एका तासाने पत्रिकेतील लग्न अनेकदा बदलते. फलज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, येथे उभा राहणारा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेतला आहे: हा एक तास संगणकाला कोणी सांगितला, आणि ते खरे कशावरून मानायचे?

जगातील बहुतेक मोबाइल फोन, सर्व्हर आणि प्रोग्रामिंगच्या भाषा ज्या एका संग्रहावर विसंबून असतात, तो ‘टीझेड डेटाबेस’ या नावाने ओळखला जातो. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, २००५ पासून पॉल एगर्ट हे त्याचे मुख्य समन्वयक आहेत, आणि २०११ पासून इंटरनेटवरील क्रमांक व नावे यांची व्यवस्था पाहणारी ‘आयाना’ ही संस्था तो प्रसिद्ध करते. कोणत्या देशाने घड्याळ केव्हा पुढे किंवा मागे केले, हे अधिकृतपणे नोंदवून ठेवणारी कोणतीही जागतिक संस्था अस्तित्वात नाही. प्रत्येक सरकार आपापल्या सोयीने निर्णय घेते, आणि तो जाहीर करण्याची रीतही प्रत्येकाची वेगळी असते. त्यामुळे या संग्रहातील प्रत्येक ओळ कोणी तरी, कुठून तरी मिळवलेल्या पुराव्यावर उभी आहे.

हा संग्रह साध्या मजकुराच्या फायलींमध्ये असतो आणि त्या कोणालाही उघडून वाचता येतात. संगणक वाचतो त्या आकड्यांच्या ओळी त्यांत तुलनेने थोड्या असतात. मोठा भाग टिप्पण्यांनी व्यापलेला असतो आणि त्या केवळ माणसांसाठी लिहिलेल्या असतात. अमुक माहिती अमुक व्यक्तीने अमुक तारखेला कळवली, तिचा आधार अमुक राजपत्र, वृत्तपत्र किंवा ग्रंथ आहे, आणि तो अमुक पत्त्यावर वाचता येईल, असे त्यांचे स्वरूप असते. आकडा आणि त्याखालचा हा दुवा मिळूनच एक नोंद पूर्ण होते, असे माझे मत आहे. दुवा निखळला तर आकडा जागेवर राहतो, पण तो बरोबर आहे की नाही हे तपासण्याचा मार्ग बंद होतो, आणि पुढे कोणी त्यावर शंका घेतली तर तिचे निरसन करता येत नाही.

भारताच्या नोंदीखालील टिप्पण्या या दृष्टीने विशेष वाचनीय आहेत. रेल्वे आणि तारखाते पूर्वी मद्रासच्या वेळेवर चालत, ती वेळ ग्रिनिचच्या पाच तास एकवीस मिनिटे दहा सेकंद पुढे होती, आणि १ जानेवारी १९०६ पासून त्यांनी साडेपाच तासांची प्रमाणवेळ स्वीकारली, या माहितीसाठी तेथे १९३६-३७ च्या एका भारतीय वार्षिकाचा आधार दिलेला असून त्याची स्कॅन केलेली प्रत जुनी पुस्तके व वेबपाने जतन करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर आहे. प्रमाणवेळेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी समजावी म्हणून आर. डी. ओल्डहॅम यांनी १८९९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केलेल्या निबंधातील उतारा दिला आहे. (भूकंपलहरींच्या अभ्यासातून पृथ्वीच्या गाभ्याचे अस्तित्व दाखवून देणारे ओल्डहॅम ते हेच.) नव्या वेळेच्या विरोधात जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या दंग्याचा उल्लेखही तेथे आहे.

इंदूरच्या वाचकाने याच ठिकाणी थोडे थांबायला हवे. संगणकाच्या दृष्टीने इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, मुंबई ही सर्व गावे ‘एशिया/कोलकाता’ या एकाच विभागात येतात, कारण १९७० नंतर ज्या ठिकाणांची घड्याळे सदैव जुळत आली त्यांना एकच विभाग द्यायचा, असा या संग्रहाचा नियम आहे. १९७० पूर्वीच्या नोंदी मात्र ज्या शहराचे नाव विभागाला दिले आहे त्या शहरापुरत्या असतात, आणि विभागातील इतर गावांना त्या लागू पडतीलच असे नाही, हे संग्रहाच्या दस्तऐवजातच स्पष्टपणे लिहिलेले आहे. कोलकात्याच्या नोंदीत ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ या काळातही घड्याळ एक तास पुढे दाखवले आहे. डिसेंबर १९४१ मध्ये इंदुरात, म्हणजे त्या वेळच्या होळकर संस्थानात, जन्मलेल्या माणसाच्या वेळेतून तो तास डोळे मिटून वजा करणे म्हणूनच योग्य ठरणार नाही. इंदूरच्या रेखांशावरून काढलेली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे साडेसव्वीस मिनिटे मागे असते, हा फरक तर वेगळाच. ही सर्व सावधगिरी आकड्यांच्या ओळीत मावत नाही, ती दस्तऐवजात असते. एखाद्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकातील या दस्तऐवजाकडे नेणारा दुवा मेला, तर ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यापर्यंत ही सावधगिरी कधीच पोहोचत नाही.

दुवा मरतो तो कसा, याचे एक ठळक उदाहरण या संग्रहाच्याच इतिहासात सापडते. ओल्सन अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करीत आणि संग्रहाच्या फायली तेथील ‘एल्सी’ नावाच्या संगणकावरून उतरवून घ्याव्या लागत. १९९० पूर्वीच्या बऱ्याच नोंदींसाठी थॉमस शँक्स आणि रिक पॉटेंजर यांच्या, ज्योतिषांसाठी तयार केलेल्या जागतिक ॲटलासचा आधार घेतलेला होता, आणि तसा उल्लेख फायलींमध्ये उघडपणे केलेला होता. त्या पुस्तकात पुष्कळ चुका आहेत आणि त्यात कोणतेही संदर्भ दिलेले नाहीत, असा शेराही तेथे आहे. ३० सप्टेंबर २०११ रोजी ॲस्ट्रोलेब या ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने त्या ॲटलासवरील स्वामित्वहक्काच्या आधारे ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा दाखल केला. काही दिवसांतच ‘एल्सी’वरील साठा बंद झाला आणि ऑक्टोबर २०११ मध्येच आयानाने संग्रहाची जबाबदारी घेतली. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेऊन दिलगिरी व्यक्त केली. घड्याळ केव्हा बदलले ही ऐतिहासिक वस्तुस्थिती असते आणि वस्तुस्थितीवर कोणाची मालकी नसते, हे तत्त्व टिकले. पण तोवर जगभरातील असंख्य सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकांमध्ये ‘एल्सी’चा पत्ता छापलेला होता, आणि तो साठा बंद झाल्यापासून निरुपयोगी झाला. एगर्ट यांचे संदर्भपान ज्या ‘ट्विनसन’ नावाच्या जुन्या पत्त्यावर होते, त्या पत्त्याचीही पुढे तीच गत झाली.

हे केवळ या एका विषयापुरते नाही. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१४ च्या सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील दुवे तपासले, तेव्हा त्यांपैकी निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचवत नाहीत असे आढळले.

दुव्यांची देखभाल वरवर पाहता सोपी वाटते, कारण दस्तऐवजातील प्रत्येक पत्त्यावर विनंती पाठवून उत्तर नोंदवणारी साधने सहज मिळतात. सर्व्हरने ४०४ हा क्रमांक कळवला तर पान सापडले नाही, ४१० कळवला तर ते कायमचे काढले आहे, आणि ३०१ कळवला तर ते नव्या पत्त्यावर गेले आहे, एवढे त्यातून समजते. परंतु हे क्रमांक नेहमीच खरे बोलत नाहीत. काही सर्व्हर यंत्राने पाठवलेली विनंती नाकारतात, तेव्हा ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडणारा दुवाही साधनाच्या यादीत मृत ठरतो. याउलट काही संकेतस्थळे पान नाहीसे झाल्यावरही सर्व ठीक असल्याचा २०० हा क्रमांक पाठवतात आणि वाचकाला मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. सर्वांत घातक प्रकार म्हणजे मुदत संपलेले डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदणीकृत नाव, दुसऱ्याच कोणी विकत घेणे, किंवा त्याच पत्त्यावरील मजकूर गुपचूप बदलला जाणे. असा दुवा जिवंत असतो, पण ज्या विधानाचा आधार म्हणून तो दिला त्या विधानाला तो आता आधार देत नाही. हे कोणतेही साधन ओळखू शकत नाही. त्यासाठी विधान आणि पान शेजारी शेजारी ठेवून वाचणारा माणूसच लागतो, आणि हे काम कंटाळवाणे असले तरी तेच खरे काम आहे असे मला वाटते.

टाइम झोनच्या बाबतीत ही अडचण आणखी तीव्र होते, कारण सरकारे अनेकदा अगदी ऐन वेळी निर्णय घेतात. मोरोक्कोने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे घड्याळे मागे करण्याच्या अवघे दोन दिवस आधी, ती मागे न करण्याचे ठरवले. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे करणे, लांबणीवर टाकली, काही संस्थांनी तो आदेश मानला नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेगवेगळ्या प्रमाणवेळा चालल्यानंतर सरकारने निर्णय फिरवला. या गोंधळामुळे संग्रहाची २०२३बी ही आवृत्ती काढावी लागली आणि पाच दिवसांच्या आत ती रद्द करणारी २०२३सी काढावी लागली. अशा वेळी हाती येणारा पहिला पुरावा म्हणजे एखाद्या वृत्तसंस्थेची बातमी किंवा मंत्रालयाने समाजमाध्यमावर टाकलेले परिपत्रकाचे छायाचित्र असते, आणि नेमके तेच सर्वांत आधी नाहीसे होते. म्हणून दुवा देतानाच त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हमध्ये जतन करून तिचाही पत्ता नोंदवावा, आणि पुढे राजपत्रातील अधिसूचना मिळाली की तिचा क्रमांक व तारीख जोडावी, हे इष्ट असते.

कोणता दुवा कशासाठी दिला आहे, याचाही विचार देखभाल करणाऱ्याने केला पाहिजे. ‘कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून संपूर्ण देशात एकच वेळ लागू केली आणि तो बदल २०२४ए या आवृत्तीत आला’ असे वाक्य लिहिले, तर त्याचा दुवा त्याच आवृत्तीच्या जतन केलेल्या फायलीकडे गेला पाहिजे. ताज्या फायलीकडे गेला, तर काही वर्षांनी त्या ठिकाणी वेगळाच मजकूर दिसेल. ‘माहिती येथून उतरवून घ्या’ असे वाक्य असेल, तर मात्र जुन्या आवृत्तीचा दुवा देणे चुकीचे ठरते, कारण त्यामुळे वापरणाऱ्याच्या यंत्रात शिळे नियम जातात. इंटरनेटच्या मानकांचे ‘आरएफसी’ नावाचे दस्तऐवज क्रमांकाने ओळखले जातात आणि तो क्रमांक कधीही बदलत नाही. या संग्रहाच्या देखभालीची कार्यपद्धती २०१२ च्या आरएफसी ६५५७ मध्ये दिलेली आहे. असा क्रमांक मजकुरात लिहिलेला असला की पत्ता कितीही वेळा बदलो, वाचकाला मूळ दस्तऐवज शोधता येतो. शोधनिबंधांच्या डीओआय क्रमांकाचाही उपयोग हाच.

मेलेला दुवा आढळताच तो पुसून टाकण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. मूळ पत्ता, लेखकाचे नाव आणि पान शेवटचे पाहिल्याची तारीख एवढे जरी शिल्लक राहिले, तरी त्या आधारे संग्रहित प्रत शोधता येते. पत्ताच पुसला तर तो धागाही जातो. टीझेड संग्रहाच्या टिप्पण्यांमध्ये केवळ पत्ता न देता मूळ मजकुरातील निर्णायक वाक्येही उद्धृत केलेली असतात. ओल्डहॅम यांचा उतारा ही त्याचीच एक खूण. जुन्या नावांच्या बाबतीतही या संग्रहाने हीच शिस्त पाळली आहे. ‘एशिया/कलकत्ता’ हे नाव २००८ मध्ये बदलून ‘एशिया/कोलकाता’ झाले, पण ‘बॅकवर्ड’ नावाच्या वेगळ्या फायलीत जुने नाव नव्याशी जोडून ठेवलेले असल्यामुळे जुनी सॉफ्टवेअर आजही चालतात. आपली संकेतस्थळे नव्या डोमेनवर हलवताना जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे अशीच वाट ठेवणे सरकारी खात्यांना अवघड नाही, आणि ती न ठेवल्यास अधिसूचनांचे कित्येक दुवे एका दिवसात निकामी होतात.

संस्थानी मुलखातील घड्याळांविषयीचा पुरावा अजून पुष्कळसा कागदावरच असतो. होळकर, शिंदे आणि गायकवाड या संस्थानांची राजपत्रे, रेल्वेची जुनी वेळापत्रके, शाळा-कचेऱ्यांच्या वेळांबाबतचे आदेश आणि त्या काळातील मराठी वृत्तपत्रे यांत अशा नोंदी सापडू शकतात, आणि टीझेड संग्रह पुराव्यासह आलेल्या दुरुस्त्या कोणाकडूनही स्वीकारतो. इंदुरात कोणाला असा कागद सापडला, तर केवळ त्याचे छायाचित्र पाठवून भागत नाही. राजपत्राचा खंड, अंक, तारीख व पृष्ठ, तो ज्या ग्रंथालयात पाहिला त्याचे नाव, त्यातील नेमके वाक्य देवनागरीत जसेच्या तसे व सोबत त्याचा इंग्रजी अनुवाद, आणि स्कॅन केलेली प्रत ज्या स्थायी पत्त्यावर ठेवली असेल तो पत्ता, एवढे सर्व त्या नोंदीबरोबर जायला हवे.