मुलांची सुरक्षा आणि दोन पक्षांची युती

अमेरिकेत मुलांच्या नावाने इंटरनेटला वेसण घालण्याचा पहिला मोठा कायदा १९९६ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील मुख्य कलमे रद्द केली. वापरकर्त्याच्या मजकुराची जबाबदारी संकेतस्थळावर न टाकणारे २३० वे कलम तेवढे टिकले. पुढे ते दोन्ही पक्षांच्या डोळ्यांत खुपू लागले. कंपन्या मजकूर फार काढतात ही रिपब्लिकनांची तक्रार, पुरेसा काढत नाहीत ही डेमोक्रॅटांची.

२०१८ मध्ये लैंगिक तस्करीच्या मुद्द्यावर धार्मिक परंपरावादी आणि वेश्याव्यवसायाला विरोध करणारे स्त्रीवादी गट एकत्र आले व या कलमाला प्रथमच मोठा अपवाद जोडला गेला. सिनेटमध्ये विरोधात दोनच मते पडली. राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी होण्याआधीच जाहिरातींच्या एका मोठ्या संकेतस्थळाने जोडीदार शोधण्याच्या व्यक्तिगत जाहिरातींचा विभाग बंद केला. ग्राहकाची आगाऊ खातरजमा करण्याची सोय त्यामुळे जाते, हे देहविक्रय करणाऱ्यांचे म्हणणे मात्र मागे पडले.

खरी कसोटी लागली ती २०२२ च्या विधेयकात. मुलांना अपाय होऊ नये याची ‘काळजी घेण्याचे कर्तव्य’ त्यात समाजमाध्यमांवर टाकले होते. पण अपाय कोणता, हे ठरवून खटला भरण्याचा अधिकार राज्यांच्या महाधिवक्त्यांनाही, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलांनाही होता. यांतील बरेचसे निवडून येणारे, म्हणजे पक्षाचेच लोक. डेमोक्रॅट पुरस्कर्त्यांच्या मनात आत्महत्या आणि खाण्याचे विकार होते, तर रिपब्लिकन पुरस्कर्त्या पारलिंगी विषयांपासून मुलांना वाचवण्याची भाषा जाहीरपणे करत होत्या, त्यामुळे समलिंगी व पारलिंगींच्या संघटना धास्तावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये या कर्तव्याची अंमलबजावणी केवळ केंद्रीय व्यापार आयोगाकडे (एफटीसी) ठेवण्यात आली, तेव्हा त्यांतील काही प्रमुख संघटनांनी विरोध मागे घेतला. नागरी स्वातंत्र्यवादी मात्र हटले नाहीत, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता: आयोगही सत्ता बदलली की बदलतो. जुलैमध्ये सिनेटने ९१ विरुद्ध ३ मतांनी हे विधेयक मंजूर केले. कनिष्ठ सभागृहाने ते त्या सत्रात मतालाच घेतले नाही.

दरम्यान राज्यांनी अश्लील संकेतस्थळांवर वयपडताळणी सक्तीची करण्याचा सोपा मार्ग धरला होता. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससचा असा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी ग्राह्य ठरवला. त्यात दिवसाला १०,००० डॉलरपर्यंतच्या दंडासाठी दावा लावण्याचा अधिकार राज्याच्या महाधिवक्त्याकडेच आहे.