मानसिक आजार असलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या सवलती: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नैराश्य, ओसीडी (तेच विचार किंवा त्याच कृती पुन्हापुन्हा होणं), स्किझोफ्रेनिया अशा आजारात मूल शाळेत जाईनासं झालं की आधी आळशी ठरतं, मग देवळात गाऱ्हाणं घातलं जातं. सवलतीचा विषय निघेपर्यंत दहावीचं निम्मं वर्ष सरलेलं असतं. म्हणून उपचारांसोबत कागदपत्रांचं कामही नववीतच सुरू करा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. त्यामुळे सवलत हा मुलाचा हक्क आहे, ती मागताना ओशाळू नका. त्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व हवं.

या प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालक करू शकतात. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि उपचारांचे कागद जोडा. कोकणात इथेच घोडं अडतं: वडील मुंबईला, आधारवर डोंबिवलीचा पत्ता आणि मूल आजीजवळ गुहागरात. नियमानुसार पत्त्याच्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, तसाच जिथे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत त्या सरकारी रुग्णालयातही. म्हणजे उपचार रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात झाले असतील, तर पत्ता बदलेपर्यंत थांबायची गरज नाही.

प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीत मार्क बघत नाहीत. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, रोजचं काम आणि आजाराचा कालावधी यांवरून टक्के ठरतात. म्हणून जुने केसपेपर जपून ठेवा. वर्गशिक्षकांकडून पत्रही घ्या: हजेरी कधीपासून घटली, मूल डबा खातं का, कुणाशी बोलतं का. माझ्या मते हे पत्र प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतं. मूल डॉक्टरांसमोर गप्प बसलं, तरी त्याचे शाळेतले दिवस कागदावर असतात.

प्रमाणपत्र मिळालं की मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेली उत्तरं लिहून देणारा) अशा सवलतींचा प्रस्ताव शाळा विभागीय मंडळाकडे पाठवते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोकण मंडळ, रायगडासाठी मुंबई. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत परीक्षेपर्यंत पुरते का, हे आधीच बघा.

हजेरी 75 टक्क्यांखाली जाणार असं दिसताच डॉक्टरांचं पत्र शाळेत द्या, फेब्रुवारीची वाट पाहू नका. शाळा सुटलीच असेल, तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं.

आजाराचं नाव वर्गात सांगायची गरज नाही, तसं मुख्याध्यापकांना अर्जातच लिहून द्या. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.